एक ‘क’ घेऊन केंदूर-कासुर्डीला

शिवाजीनगरच्या एसटी स्टँडवर मी सकाळी सहाला उभी होते. पायाशी गंधकाच्या भुकटीच्या दहा-दहा किलोच्या दोन पिशव्या होत्या आणि पर्समध्ये छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा. लोक सहलीला जातात, देवदर्शनाला जातात, लग्नाला जातात. मी एक अक्षर पोहोचवायला निघाले होते.

ही सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. पुण्यातल्या एका शेतीविषयक मासिकात मी मुद्रितशोधक होते. म्हणजे छापायच्या आधी मजकुरातल्या चुका काढायच्या. बारा वर्षं मी पिकांचे रोग तपासत होते, पण कागदावर. तांबेरा, करपा, केवडा, काणी यांतलं ऱ्हस्व-दीर्घ मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. प्रत्यक्षात यांतला एकही रोग मी पाहिला नव्हता.

त्या जानेवारीत आम्ही ‘पिकांचे रोग आणि जगाचं पोट’ असा विशेषांक काढला. लेख भारदस्त होते. बटाट्यावरच्या करप्याने आयर्लंडात कशी उपासमार झाली, गव्हाच्या तांबेऱ्याचे कण वाऱ्यावर बसून एका देशातून दुसऱ्या देशात कसे जातात, जग मोजक्याच पिकांवर कसं जगतं, असं सगळं. ते मी डोळ्यांत तेल घालून तपासलं. शेवटी एका चौकटीत घरगुती सल्ला होता. भुरी, म्हणजे पानांवर पिठासारखा पांढरा थर चढवणारी बुरशी, दिसताच पिकावर गंधकाची धुरळणी करावी. त्या चौकटीपर्यंत येता येता माझे डोळे थकले असावेत. छापून आलं ते असं: ‘भुरी दिसताच पिकावर गंधाची धुरळणी करावी.’

पंधरा दिवसांत दोन पोस्टकार्डं आली. पहिलं शिरूर तालुक्यातल्या केंदूरहून: ‘आपल्या लेखाप्रमाणे वाटाण्यास गंध लावले. फरक नाही. पुढे काय लावावे?’ दुसरं दौंड तालुक्यातल्या कासुर्डीहून: ‘काकडीस अष्टगंध चालेल की चंदनच उगाळावे?’ या दुसऱ्या कार्डावरचं नाव पोस्टाच्या शिक्क्याखाली गेलं होतं.

संपादकांनी दोन्ही कार्डं माझ्यासमोर ठेवली, चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, “बाई, ‘क’ तुम्ही खाल्लात. तुम्हीच नेऊन द्या.”

केंदूर, कासुर्डी, काकडी. सगळीकडे ‘क’ होता. जिथे हवा तिथे तेवढा नव्हता.

*

शिक्रापूरला उतरले तेव्हा आठ वाजले होते. नगर रस्त्यावरचं हे गाव तेव्हा दर महिन्याला एकेक मजला वाढत होतं. प्रत्येक दारावर ‘खोली भाड्याने मिळेल’ची पाटी आणि रस्त्याला ट्रकची न संपणारी माळ. चौकात पाबळच्या बाजूला जाणारी जीप भरत होती. भरत होती म्हणजे अकरा माणसं बसली होती आणि ड्रायव्हर म्हणत होता, “मोकळीच हाय म्याडम, या.”

एक पिशवी टपावर गेली, दुसरी पायांत. समोरच्या माणसाने नांगराचा नवा फाळ पोत्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता. खड्ड्यात जीप आदळली, फाळ घसरला आणि माझ्या पिशवीत शिरला. गंधकाची पिवळी भुकटी आधी माझ्या साडीवर उडाली आणि मग सगळ्या जीपभर.

मी रुमालाने भोक दाबायला लागले. शेजारच्या आजींनी माझ्या पदरावरची चिमूटभर भुकटी उचलली, डोळे मिटले आणि कपाळाला लावली.

“आजी, हा भंडारा नाही. गंधक आहे.”

“आसू द्या बाई,” आजी म्हणाल्या. “पिवळं हाय न्हवं.”

मग त्यांनी शेजारणीला लावलं. शेजारणीने पुढे दिलं. फाळवाल्याने, बहुधा अपराधी वाटून, दोन बोटांनी आडवा पट्टाच ओढला. ड्रायव्हरने एक हात मागे केला तेव्हा मी बोलणंच सोडून दिलं. केंदूरच्या फाट्यावर उतरताना मागे वळून पाहिलं, तर जीपमधली सगळी कपाळं पिवळी होती आणि दोघं-तिघं शिंकत होते. या तालुक्यात पिकांना गंध आणि माणसांना गंधक, असं माझ्यामुळे झालं होतं.

*

पहिलं कार्ड लिहिणारे केंदूरचे निवृत्तीआबा फाट्यावर वाट बघत होते; मी येतेय एवढंच त्यांना उलट टपाली कळवलं होतं. सत्तरीचे, सडपातळ, हातात आमचा विशेषांक गुंडाळलेला. मला आपादमस्तक पाहून म्हणाले, “जेजुरीवरनं आलात व्हय?”

मी काही सांगायच्या आत आम्ही चालू लागलो आणि वाटेत जो भेटेल त्याला आबा सांगत गेले, “लेख लिवणाऱ्या डॉक्टरीणबाई.” मळ्यात पोहोचेपर्यंत मागे सात-आठ जण जमले होते. प्रत्येकाच्या हातात एकेक आजारी पान. एकाने पांढुरकं पान माझ्या नाकासमोर धरलं आणि विचारलं, “हे काय म्हणायचं?”

पानावर पीठ सांडल्यासारखं दिसत होतं. “भुरी,” मी म्हणाले आणि सवयीने पुढचं तोंडातून गेलंच, “भु ऱ्हस्व, री दीर्घ.”

“ऱ्हस्व म्हंजी जोरात हाय का कमी?” त्याने काळजीने विचारलं.

मग मी आबांचा वाटाणा पाहिला. अर्ध्या एकरावर ओळींत नीट वाढलेले वेल, आणि हाताला येईल त्या प्रत्येक पानावर लाल गंधाचा एकेक टिळा. टिळ्याच्या भोवतीने भुरी आरामात पसरली होती. बांधाकडच्या ओळी तर इतक्या पांढऱ्या होत्या, की रात्री कुणी चुना मारून गेल्यासारखं वाटत होतं. शेंगा आत्ताच भरायला लागल्या होत्या.

आता बोलायलाच हवं होतं. “आबा, मी लेखिका नाही. मी छापलेलं तपासते. आणि ही माझी चूक आहे. गंध नाही, गंधक. एक ‘क’ राहिला.”

आबांनी अंक उलगडला, चौकट काढली आणि त्या ओळीवर बोट ठेवून ‘क’ राहिलेली जागा शोधली.

“म्हंजी गंध न्हाई.”

“नाही.”

“गंधक.”

“हो.”

“आमचा बाप गंधकच टाकायचा,” आबा म्हणाले. “पन मागल्या साली तुमच्यात आंबट ताक मारा म्हणून आलं व्हतं. ते मारलं, आन् गुण आला. मग वाटलं, ताक लागू पडतंय तर गंध का न्हाई? नवीन संशोधन आसंल.” त्यांनी अंकाची घडी घातली. “बाई, तुमची एक ओळ म्हंजी आमचा एक हंगाम आसतो.”

ते रागाने बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. मी धड असलेली पिशवी त्यांच्या ओट्यावर ठेवली आणि एक छापील चिठ्ठी दिली. ‘चूक दुरुस्ती: गंध नव्हे, गंधक वाचावे. गंधकाची धुरळणी दुपारच्या उन्हात करावी.’ या चिठ्ठीचं प्रूफ मी नऊ वेळा वाचलं होतं. नऊही वेळा ‘क’ जागेवर होता.

“आज मला शिरूरला जायचंय, बांधाच्या दाव्याची तारीख हाय,” आबा म्हणाले. “उद्या टाकतो.”

निघताना त्यांच्या सुनेने बाजरीची भाकरी आणि हिरव्या वाटाण्याचं कालवण (रस्सा) वाढलं. शेंगा धुवून घेतल्या होत्या, तरी कालवणावर किंचित लाल तवंग होता. तो तिखटाचा की गंधाचा, हे मी विचारलं नाही. चव उत्तम होती.

*

शिक्रापूरहून तळेगाव ढमढेरे, न्हावरा करत चौफुल्याला जाणारी एसटी मिळाली. भोक पडलेली पिशवी आबांनी सुतळीने बांधून दिली होती. शेजारी एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. पेटीतून चंदन, बुक्का, कुंकू असा देवळासारखा वास येत होता. नाव इब्राहिमचाचा अत्तार. तीन पिढ्या आठवडी बाजारात कुंकू, बुक्का आणि गंध विकणारं घर.

“काय सांगू ताई,” ते आपणहून म्हणाले, “औंदा गंधाला काय मागणी आली समजंना. न्हावऱ्याला संपलं, तळेगावला संपलं. एकाला इचारलं, लगीन हाय का घरात? तर म्हणतो, न्हाई, काकडीला पायजे.”

मी खिडकीबाहेर पाहायला लागले. भीमेच्या पुलावरून गाडी चालली होती. खाली पाणी संथ होतं, पलीकडे उसाचे फड आणि गुऱ्हाळांचा धूर. असं दृश्य सोडून कबुली द्यायची म्हणजे जिवावर येतं. पण कासुर्डीच्या माणसाचं नाव मला ठाऊक नव्हतं आणि चाचांना नक्की ठाऊक असणार होतं.

मी सगळं सांगितलं. चाचा ऐकत राहिले. हसले नाहीत.

“कासुर्डीच्या आप्पांनी नेलं,” ते म्हणाले. “डबाभर. सोसायटीचे संचालक हायेत. दर महिन्याला देवळापुढं तुमचं मासिक वाचून दावतात. त्यांच्या सांगण्यावरनं सगळ्या आळीनं काकडीला लावलं असंल.” मग त्यांनी पेटीवरचा हात घट्ट केला. “आन् काकडी मेली तर लोक काय म्हणतील? अत्ताराचं गंध खोटं निघालं. ताई, म्या बी येतो.”

अशा रीतीने चुकीने नाव खराब व्हायची वेळ आलेले आम्ही दोघं चौफुल्याला गाडी बदलून, यवत ओलांडून कासुर्डीला उतरलो.

*

आप्पांची काकडी मी जन्मात विसरणार नाही. केंदूरला पानांना टिळे होते. इथे काकड्यांना होते. मांडवावरून लोंबणाऱ्या प्रत्येक हिरव्या काकडीला मधोमध उभं गंध. वाऱ्याने त्या हलल्या, की मंडपात मानकरी बसून माना डोलावताहेत असं वाटत होतं. वर पानं मात्र पांढरी पडून गळायला लागली होती.

आप्पा पन्नाशीचे, भारदस्त, कडक इस्त्रीचे. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी आजूबाजूला कुणी नाही ना हे पाहिलं.

“हे गावात बोलू नका,” ते हळूच म्हणाले. “संध्याकाळी देवळापुढं लोक जमतील. तुम्ही येवढंच सांगा, की पहिला डोस गंधाचा आसतो आन् दुसरा गंधकाचा. आधी गंध, मग गंधक. पटण्यासारखं हाय.”

“आप्पा, ते खोटं होईल.”

“खोटं कसं? झालंय की तसंच.”

मी चाचांकडे पाहिलं. चाचांना चालेल असं वाटलं, कारण त्यात गंधाचा मान राहत होता. पण चाचा खाली बघत होते.

संध्याकाळी देवळापुढच्या पारावर पंचवीस-तीस माणसं बसली. एका बाजूला बायका. आप्पांनी माझी ओळख ‘पुण्याच्या शास्त्रज्ञ’ अशी करून दिली. मी घाबरून आधी आयर्लंडच्या बटाट्यापासूनच सुरुवात केली. करप्याने बटाटा जमिनीतच सडला, लोक उपाशी मेले, जे उरले ते जहाजांत बसून देश सोडून गेले. माणसं मन लावून ऐकत होती. गव्हाचा तांबेरा वाऱ्यावर बसून देश ओलांडतो असं सांगितल्यावर एक म्हातारा म्हणाला, “म्हंजी त्याला एसटीची वाट बघाया लागत न्हाई.”

“पन त्या बटाट्याला काय लावलं व्हतं त्यांनी?” दुसऱ्याने विचारलं.

“काही नाही. तेव्हा औषध ठाऊकच नव्हतं.”

“आन् आपल्याला ठाऊक हाय?”

त्या प्रश्नावर मला ‘आधी गंध, मग गंधक’ म्हणता आलं नाही. पारावर उभं राहून मी सांगून टाकलं, की मी शास्त्रज्ञ नाही, एक ‘क’ माझ्या हातून सुटला, आप्पांनी छापलं तसंच वाचलं आणि चाचांच्या गंधात काही खोट नाही. गंध उत्तम आहे, फक्त ते काकडीसाठी नाही.

आप्पांचे कान लाल झाले होते. मग मघाशी बटाट्याचं औषध विचारणारा माणूस म्हणाला, “त्या आयर्लंडातबी कुणी ‘क’ खाल्ला व्हता का?”

तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला. “मागल्या वाफ्यातली काकडी चांगली हाय.” आप्पांच्या पत्नी सरूबाई होत्या त्या. “तितं म्या गंधकच टाकलंय. पहिल्यापास्नं.”

आप्पा वळले. “मला का न्हाई सांगितलंस?”

“तुम्ही वाचून दावत व्हता. मधी कसं बोलायचं?”

“पण तुम्हाला कसं कळलं,” मी विचारलं, “की छापलेलं चुकलंय?”

“न्हाई कळलं,” सरूबाई सरळ म्हणाल्या. “माझी आई टाकायची तसं टाकलं. मला वाचता येत न्हाई, म्हून काकडी वाचली.”

पारावर हसू फुटलं, ते वाढत गेलं आणि शेवटी आप्पांनाही आवरेना. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, “उद्या सगळ्यांनी हिच्याकडनं शिकून घ्या.” चाचांनी पेटी उघडली आणि सरूबाईंना कुंकवाची एक डबी दिली.

*

रात्री मी आप्पांच्या घरी मुक्काम केला. पहाटे सरूबाईंनी हलवून उठवलं. “चला, दव हाय तोवर.”

मांडवाखाली गारठा होता. त्यांनी जुन्या पातळ लुगड्याच्या तुकड्यात गंधक बांधून पुरचुंडी केली, ती काठीला लटकवली आणि काठीवर टिचक्या मारत ओळीतून चालू लागल्या. भुकटी धुरासारखी उतरून ओल्या पानांवर बसत होती. मलाही एक काठी मिळाली. अर्धी भुकटी पानांवर आणि अर्धी माझ्यावर बसली.

“इतक्या लवकर कशाला पण?” मी विचारलं. “चिठ्ठीत तर दुपारी लिहिलंय.”

सरूबाई थांबल्या. “दुपारी? उन्हात गंधक टाकलं की पान जळतंय. आन् कोरड्या पानाला चिकटत बी न्हाई.”

मी धावत घरात गेले. आप्पांच्या कोनाड्यातून विशेषांक काढला. मूळ चौकटीत होतं: ‘धुरळणी दुपारच्या उन्हात करू नये, सकाळी दवात करावी.’ माझ्या चिठ्ठीत होतं: ‘धुरळणी दुपारच्या उन्हात करावी.’ ‘करू नये, सकाळी दवात’ एवढं छापखान्यात मजकूर जुळवणाऱ्याच्या नजरेतून निसटलं होतं, आणि मी नऊ वेळा फक्त ‘क’ मोजत बसले होते. पहिल्यांदा एक अक्षर गेलं होतं. आता चार शब्द गेले होते.

आणि निवृत्तीआबा म्हणाले होते, उद्या टाकतो. तो उद्या म्हणजे आज होता.

केंदूरला फोन करायचा तर यवतपर्यंत जाऊन एसटीडी बूथ गाठायचा आणि तिकडे कुणाकडे फोन आहे ते शोधायचं. त्यापेक्षा निघालेलं बरं. आप्पांनी मोटारसायकलवरून चौफुल्याला सोडलं. न्हावऱ्याच्या पुढे गाडीचं चाक बसलं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून सूर्याकडे बघत होते. फेब्रुवारीतलं ऊन इतकं कडक असतं हे त्याआधी कधी जाणवलं नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, “म्याडम, वर बघून चाक बदलत न्हाई.” शिक्रापूरला जीप मिळायला तास गेला. आत बसले तर कालचाच ड्रायव्हर. त्याने मला ओळखून सगळ्यांना सांगितलं, “ह्या गंधकवाल्या म्याडम.” कुणी काही मागायच्या आत मी हात पदराखाली घेतले.

फाट्यावरून मळ्यापर्यंत मी पळत गेले. दीड वाजला होता. ऊन डोक्यावर. आबा खोपटाच्या (राखणीच्या झोपडीच्या) सावलीत भाकरी खात बसले होते. पिशवी शेजारी, अर्धी रिकामी.

“आबा, टाकलंत?”

“टाकलं की.”

मी खाली बसले. “चिठ्ठी चुकली. दुपारी टाकायचं नव्हतं. पान जळतं. माझीच चूक परत.”

आबांनी घास चावून संपवला. “म्या पहाटंच टाकलं. दवात.”

“पण चिठ्ठीत तर दुपारी होतं.”

“व्हय, वाचलं,” आबा म्हणाले. “मागल्या टायमालाबी वाचलंच व्हतं.”

त्यांनी भाकरीचा एक तुकडा मोडून माझ्यापुढे धरला. समोर वाटाण्याच्या ओळी उभ्या होत्या, टिळ्यांवर पिवळी भुकटी बसलेली. बांधाकडच्या चार ओळी गेल्यातच जमा होत्या, ते आबांनीच सांगितलं. बाकीचं पीक हाताला लागेल असं त्यांना वाटत होतं. मला तेवढ्यावर रडू आलं. आबांनी ते न पाहिल्यासारखं केलं आणि मिरचीचा ठेचा पुढे सरकवला. ठेचा खाल्ल्यावर रडायला चांगलं कारण मिळालं.

*

पुण्याला पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. गाडीत मी उरलेल्या चिठ्ठ्यांवर पेनने चार शब्द भरत आले. हात दुखला, अक्षर गाडीबरोबर उडत होतं. आमच्या त्या अंकात जगाचं पोट कशावर अवलंबून आहे याची मोठी चर्चा होती: बियाणं, औषधं, संशोधन. ते सगळं खरंच आहे. पण दोन दिवस फिरून मला वाटायला लागलं, की छापलेलं वाचूनही पहाटे उठून पान हातात घेऊन बघणारं कुणीतरी प्रत्येक गावात लागतं, नाहीतर आमच्यासारख्यांच्या हातून जग कधीच उपाशी पडलं असतं.

महिन्याभराने कासुर्डीहून पोस्टकार्ड आलं. अक्षर आप्पांचं, पण बोलणं कुणाचं ते लगेच कळत होतं. ‘वर्गणी चालू ठेवतो. औषधाचं आमचं आम्ही बघू, ते तुम्ही नाही छापलं तरी चालेल. पन कुठल्या देशात कुठला रोग आलाय ते मात्र कळवीत चला. वारा काही सांगून येत न्हाई.’

संपादक म्हणाले, हे पत्र पुढच्या अंकात पहिल्या पानावर घ्या. मी ते प्रूफ रात्री घरी नेलं, दिव्याखाली धरलं आणि मोठ्यांदा वाचलं. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. मी एकही दुरुस्त केली नाही.